वर्षभर मैफली ऐकल्या, तरी राग ओळखता येत नाही

प्रश्न : गेले वर्षभर मी बेळगाव आणि धारवाड येथील शास्त्रीय गायनाच्या मैफलींना नेमाने जात आहे. घरी परतल्यावर कलाकार, राग आणि साथीदार यांची नोंद वहीत करतो. परवा ती वही चाळताना जाणवले, की गायकाने रागाचे नाव सांगितले नाही तर मला तो अजूनही ओळखता येत नाही. शेजारचे जाणकार मात्र पहिल्या आलापालाच मान डोलावतात. शिवाय शेवटची बस गाठायची म्हणून मैफलीच्या शेवटी गायल्या जाणाऱ्या भैरवीआधी उठावे लागते. आता ऐकणे थांबवून आधी शास्त्र शिकावे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ऐकणे मुळीच थांबवू नका. राग ओळखता येणे ही रसिकतेची पहिली पायरी नव्हे. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना आपले बोट आपसूक मांडीवर टेकते का, आणि तानपुऱ्याचा षड्ज (सा) तानेच्या गर्दीतही कानात टिकून राहतो का, हे आधी पाहा. यातले काही वर्षभरात साधले असेल, तर आपले ऐकणे योग्य वाटेने चालले आहे.

आपण ज्या पट्ट्यात राहता, तिथे रागांची ओळख पटायला वेळ लागतो, त्याला एक कारणही आहे. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडून कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे, आणि त्यांच्याकडून गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्याकडे आलेली किराणा घराण्याची गायकी इथे रुजली. तर कोल्हापूरच्या अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर यांना मिळालेली जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी धारवाडला नांदली. किराण्याचा गायक एकेका स्वराला वेळ देत राग उलगडतो, त्यामुळे नवख्या श्रोत्याला त्याचे बोट धरता येते. जयपूरवाल्यांना मात्र बसंती केदारसारखे जोडराग (दोन राग मिसळून केलेले) प्रिय, आणि तिथे मुरलेले श्रोतेही क्षणभर अडखळतात. वहीत अशी नावे असतील, तर राग न ओळखल्याची खंत करू नये.

वही पुन्हा एकदा उघडून प्रत्येक नोंदीपुढे मैफलीची वेळ लिहून पाहा. आपल्या शहरांतले बहुतेक कार्यक्रम कामाचे तास संपल्यावर होतात, म्हणून नियमित जाणाऱ्याच्या वहीत यमन, पूरिया, बागेश्री यांचीच गर्दी दिसते, आणि तोडी किंवा दुपारचा सारंग कित्येकदा वर्षभरात एकदाही कानी पडत नाही. मला ही आजच्या श्रोत्याची मोठी हानी वाटते. तेव्हा येत्या वर्षी सकाळच्या बैठकीचे निमंत्रण आले, की ते सोडू नका. बसचा प्रश्नही तिथे आपोआप सुटेल.

तुलनेसाठी भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. मध्यम (म) आणि निषाद (नि) दोघांनाही वर्ज्य. पण संध्याकाळचा भूप गंधाराभोवती (ग) विसावतो, तर सकाळचा देशकार पुन्हा पुन्हा धैवताकडे (ध) झेपावतो, आणि त्याचा सारा ओढा सप्तकाच्या उत्तरांगाकडे, म्हणजे वरच्या अर्ध्याकडे, राहतो. भूप आपण नक्कीच ऐकला असेल. त्याचे ध्वनिमुद्रण संध्याकाळी आणि देशकाराचे सकाळी, असे काही आठवडे लावून ऐकलेत, तर स्वर तेच असूनही राग का बदलतो, हे पुस्तक न उघडता कळेल. शास्त्र त्यानंतर अवश्य वाचा. तेव्हा वादी-संवादी (रागाचा प्रमुख स्वर आणि त्याखालोखालचा स्वर) या संज्ञांना कानाचा आधार मिळालेला असेल.

नोंदींची पद्धतही थोडी बदला. नावांपेक्षा एखादी जागा लिहा : गायक कुठे थांबला, तबलजीने लय कधी हलकेच पुढे नेली, घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा सरकवल्यावर तानपुऱ्याचा नाद कसा खुलला. हे शेवटचे पाहायचे असेल, तर कार्यक्रमापूर्वी अर्धा तास जाऊन पुढे बसा. सुळेभावी या बेळगावजवळच्या गावी 1924 मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व तानपुरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते, हे सर्वश्रुत आहे. तानपुरे मनासारखे लागले, की मैफलीचे निम्मे काम झालेले असते.

शेजाऱ्यांच्या मान डोलावण्याकडे लक्ष देऊ नका. भैरवी चुकू नये म्हणून मात्र खानापूरकडच्या दोन-चार रसिकांनी मिळून एखादे वाहन ठरवावे, आणि ते शक्य नसेल, तर दोन रागांच्या मधल्या विरामातच उठावे.