भट्टीची वेळ साधा

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं मुलीकडे इटलीत जेनोव्हाला महिनाभर जाणार आहोत. ती तिथे संशोधन करते, दिवसभर प्रयोगशाळेत असते. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. हे मासे खातात. जाऊन आलेले लोक सांगतात, पिझ्झा-पास्ता खायचा आणि सोबत थेपले न्यायचे. खास जेनोव्हाचं म्हणून जे खाणं आहे ते कुठे मिळेल? माझे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढ नको.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, थेपले न्या, पण विमानात खायला. माझी उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेली आणि हे बंदर वारंवार लागत राहिलं. आमची ही पक्की शाकाहारी. माझ्याबरोबर सफरीवर आली, की बाकीच्या बंदरांत तिचे हाल व्हायचे. जेनोव्हात मात्र ती माझ्याआधी जेवून मोकळी. याचं कारण म्हणजे हरभऱ्याचं पीठ. ते तिथे गरिबांचं, खलाशांचं, हमालांचं खाणं होतं आणि आजही रस्त्यावर मिळतं.

पहिली फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस्स. पीठ काही तास भिजवतात, वर आलेला फेस काढून टाकतात, मग कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत ढकलतात. वरून खरपूस, आतून लुसलुशीत. कापून कागदावर देतात, वर मिरपूड घालून घ्या. ही गरमच खायची. अर्ध्या तासापूर्वीची काचेआड ठेवलेली असेल तर पुढे चला. भट्टीतून परात बाहेर येताना दिसली की लगेच रांगेत उभं राहायचं. फक्त 'ब्यांकेत्ती' घातलेली घेऊ नका, त्यात माशांची पिल्लं असतात. कांद्याची किंवा रोझमेरीची बिनधास्त घ्या.

अशा भट्टीच्या दुकानांना तिथे शामाद्दा म्हणतात. सान जॉर्जो रस्त्यावरची 'आंतिका शामाद्दा' बंदराजवळ आहे, सान जॉर्जो मेट्रो स्टेशनपासून गुडघ्यांना झेपेल अशी. जुस्तिनियानी गल्लीतलं 'सा पेस्ता' थोडं वर आहे, पण तिथे बसून जेवता येतं. आणि एक गोष्ट मुलीलाही सांगून ठेवा. जेनोव्हात घरांचे नंबर काळे आणि दुकानांचे लाल, दोन वेगळ्या मालिका. पत्त्यातल्या आकड्यापुढे 'आर' असेल तर लाल पाटीच शोधायची, नाहीतर कुणाच्या तरी जिन्यात जाऊन उभ्या राहाल.

दुसरी पानिस्सा. हेच पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, ताटात थापून गार करायचं आणि कापायचं. आमची ही नागपूरची, पहिल्यांदा बघितल्यावर म्हणाली, 'पाटवडीच आहे की, फक्त तिखट विसरलेत.' कापलेल्या कांड्या तळून देतात, नाहीतर गारच तेल, लिंबू आणि कांदा घालून. बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या कमानींखाली तळणीची जुनी दुकानं आहेत. रस्ता सपाट आहे आणि वास लांबूनच येतो. पण ताई, तिथे बोंबील-बांगड्याचे जे भाऊबंद तळतात तेही बहुधा त्याच कढईत. तुम्हाला ते चालणार नसेल, तर तिथे यजमानांना उभं करा आणि स्वतः गार पानिस्सा शोधा.

सकाळी फोकाच्चा, म्हणजे भट्टीतला चपटा पाव. तेलात न्हालेली, वर खड्यांचं मीठ. तिथली माणसं ती चक्क कपुचिनोत बुडवून खातात आणि मिठाची बाजू जिभेवर यावी म्हणून उलटी धरतात. मला हे कधी रुचलं नाही, पण हिला फार आवडलं. काही बेकऱ्या पिठात डुकराची चरबी घालतात, म्हणून 'स्त्रुत्तो?' एवढा एक शब्द विचारायचा. नको असेल तर मान हलवून पुढची बेकरी. दर वळणावर एक आहे.

आता पेस्तो, ज्याची सगळे वाट बघत असतात. शहराच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे. तिथल्या काचघरांत बारा महिने तुळशीच्या जातीची बेझिल पिकते आणि झाड कोवळं असतानाच उपटतात. जेनोव्हाच्या या बेझिलला २००५ साली युरोपचं मूळस्थान-संरक्षण मिळालं. ती पानं, चिलगोजाच्या जातीचे दाणे, लसूण, खडेमीठ, तेल आणि दोन प्रकारचं चीज संगमरवरी खलात घोटतात. तो शिजवायचा नसतो. बंदरावरच्या फोटोवाल्या मेनूच्या एका हॉटेलात मला पेस्तो कढईत गरम करून, काळपट झालेला वाढला होता. त्याच्या शेजारी लासान्याचा फोटो होता, तेव्हाच समजायला हवं होतं. चांगल्या ठिकाणी त्रोफिए किंवा त्रेनेत्ते हे पास्ते मागवा. त्याच पातेल्यात बटाटा आणि फरसबी शिजवून घालतात. पास्त्यात बटाटा म्हणजे भातावर पोळी, असं वाटेल, खाऊन बघा.

शाकाहाराच्या बाबतीत एक खरं सांगतो. पेस्तोतलं पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजवतात, नियमच तसा आहे. तुमच्यासाठी ही सीमारेषा असेल तर पेस्तो, पान्सोती, बहुतेक चीज सगळंच बाद, आणि फारिनाता-पानिस्सावर महिना काढणं अवघड आहे. नसेल तर पान्सोती चुकवू नका: रानभाज्या भरलेला पास्ता, वर अक्रोडाचा पांढरा रस. माझ्या मते पेस्तोपेक्षा सरस. आणि भाजीचा 'तोर्ता दी ब्येतोले', पातळ पारीत भरलेला चार्डचा, म्हणजे पालकासारख्या भाजीचा, पाला. मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्यांचं घट्ट सूप, कोमट वाढतात, तक्रार करू नका, पद्धत तशीच आहे. ते मात्र मांसाच्या पाण्यात केलंय का, हे विचारा: 'ब्रोदो दी कार्ने?'

यजमानांना : भरून तळलेल्या अँचोव्ही आणि 'स्तोक्काफिस्सो', म्हणजे नॉर्वेहून येणारा सुकवलेला कॉड, बटाटे-ऑलिव्हबरोबर शिजवलेला. सुक्या माशाचा वास ज्याला घरचा वाटतो त्याला हे चार घासांत पटेल.

मुलीच्या घरी स्वयंपाकघर असेलच. वेंती सेत्तेंब्रे रस्त्यावरचं मेर्कातो ओरिएंताले गाठा. १८९९ पासूनची मंडई आहे, ब्रिन्योले स्टेशनपासून चालत जाता येतं. रविवारी भाजीचे गाळे बंद. जेवणाच्या वेळा कडक : दुपारी साडेबारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत भूक लागली तर फोकाच्चाच. बिलात 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाचा आकार, म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ती फसवणूक नव्हे.

नाताळात असाल तर पानदोल्चे घ्या : मनुका, चिलगोजे, साखरेत मुरवलेली सालं आणि बडीशेप घातलेला गोड पाव. रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्यात लहानाने त्यावरची तमालाची डहाळी काढायची आणि सगळ्यात मोठ्या माणसाने तो कापायचा. सोझिल्या चौकातलं रोमानेंगोचं दुकान बघायला तरी जा. १७८० पासूनचं घराणं आहे, गुलाबाचं सरबत विकतं. भाव ऐकून मात्र ही बाहेर आली होती.

प्रश्न : नेपल्सला जाणार आहे. तिथे 'जेनोव्हेझे' पास्ता मेनूवर दिसतो. तो म्हणजे पेस्तोच ना? मी शाकाहारी आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही. नेपल्सची जेनोव्हेझे म्हणजे ढीगभर कांद्यात तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. मांसाचे तुकडे बाजूला काढून नुसता कांद्याचा रस पास्त्यावर वाढतात, त्यामुळे ताटात मांस दिसत नाही. तुमच्यासाठी तिथे पास्ता ए फाजोली चांगला, राजम्याच्या जातीच्या दाण्यांचा. चरबी घातली आहे का, ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : परत येताना पेस्तोची बाटली हातातल्या बॅगेत चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, सुरक्षा तपासणीत तो द्रवात धरतात आणि बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वर अडवतात. जेनोव्हाच्या विमानतळाने २०१७ साली पेस्तोसाठी खास सवलत काढली होती, पण भारतात यायचं तर तुम्ही मध्ये विमान बदलणार आणि तिथे ती लागू नाही. चेक-इन बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत, कपड्यांच्या मधोमध. फ्रिजमधला ताजा नको, बंद झाकणाचा घ्या.