वाचकांचे प्रश्न : डोकं गप्प बसंना

प्रश्न : मी बेळगावच्या वडगावात राहते, घरातच ब्लाऊज शिवते. दिवसभर मशीन चालू असते तोवर बरं असतं ओ, रात्री लाईट बंद केली की डोकं सुरू होतं. मुलाची फी, सासऱ्यांची शुगर, शेताचा उतारा कन्नडमध्ये आहे त्यात काय लिहिलंय ते, सगळं एकदमच. मोबाईल घेतला की अजून वाढतं. ध्यान करून बघितलं, तर डोळे मिटले की जास्तच. पूर्वी कादंबऱ्या वाचत होते, आता पान संपलं तरी काय वाचलं ते आठवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, डोळे मिटून मन रिकामं करणं सगळ्यांना जमत नाही, तुम्हाला जमलं नाही म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. पळणाऱ्या मनाला नुसतं थांब म्हणून ते थांबत नाही, त्याला टेकायला काहीतरी द्यावं लागतं, आणि माझ्यासाठी ते काम व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नं केलंय. 1955 सालची कादंबरी, अगदी बारीक, वाक्यं लहान लहान. एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळेवर चालत निघतो, पोचतो तर शाळेत पोरंच नाहीत, पोरं मेंढरांमागं गेलेली. त्याच्या पोटातही गोळा येतोच की. पण माडगूळकर त्याची काळजी पानंच्या पानं उगाळत बसत नाहीत, ते तुम्हाला माळ दाखवतात, मेंढरं दाखवतात, ऊन दाखवतात, आणि ते बघता बघता आपला श्वास कधी खाली बसला ते कळत नाही.

मागं आमच्याकडं आजारपण होतं तेव्हा मी ही कादंबरी रोज रात्री दोनच पानं वाचायचो, तीही ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. बाहेर बेळगावचा पाऊस, लाईट गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात पुढची ओळ दिसायची तेवढीच, त्यामुळं पळायला जागाच नव्हती. मन मध्येच हॉस्पिटलच्या बिलाकडं जायचंच, मग बोट होतं त्या ओळीवर परत यायचं, एवढंच. तुम्ही पण पान आठवतंय का ते तपासू नका ओ, परीक्षा नाही ती. सुईत दोरा ओवताना जसं दुसरीकडं बघता येत नाही, तसं एका वाक्याकडं बघा. शेवटी मात्र दुष्काळ पडतो, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, तो भाग रात्री वाचू नका, दुपारी वाचा.

एक सांगतो, दोन-तीन आठवडे झोपच नाही, छातीत धडधड, जेवण जाईना असं असेल तर पुस्तकावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदत करणारा फोन फुकट आहे, मराठीत पण बोलता येतं.

आणि उताऱ्याचं. त्या वाडीतली माणसं कागद घेऊन मास्तरकडं येतात, कारण त्यांना वाचता येत नाही, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. तुमच्या मुलाला शाळेत कन्नड असेलच, नाहीतर गल्लीत कन्नड मीडियमला शिकलेलं कुणीतरी असेलच. उद्या सकाळी मशीनवर बसायच्या आधी तो कागद त्याच्यापुढं ठेवा, आणि नावं, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे एका वहीत मराठीत उतरवून घ्या.