लघवीच्या रिपोर्टमधल्या पेशी: तुमचे प्रश्न

प्रश्न: आईच्या रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स ८-१० आल्यात. किडनी खराब होतेय का?

बहुतेक नाही, घाबरू नका. या जास्त करून स्क्वॅमस पेशी असतात, म्हणजे बाहेरच्या त्वचेच्या झडलेल्या, सॅम्पल नीट धरलं नाही एवढंच. पुढच्या वेळी धुऊन, पहिली धार सोडून मधली धरायची. किडनीच्या नळ्यांमधल्या ट्युब्यूलर पेशी वेगळ्या, छोट्या, गोलसर, मोठ्या न्यूक्लियसच्या. त्या भरपूर दिसल्या तर नळ्यांना मार बसलाय, मग तो जुलाबांनी बीपी पडून असो की जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिक इंजेक्शनांमुळे.

प्रश्न: लघवीत आरबीसी (रक्तातल्या लाल पेशी) २५-३०, सोनोग्राफीत स्टोन नाही, दुखतही नाही. डॉक्टर म्हणतात पेशींचा आकार बघून या. आकारावरून काय कळणार?

रक्त कुठून येतंय ते कळतं. स्टोन किंवा मूत्राशयातून आलेली लाल पेशी साधारण गोल गरगरीतच राहते, पण किडनीच्या गाळणीतून चेंगरून आलेली वाकडीतिकडी होते, काहींना तर चक्क मिकी माऊससारखे कान फुटलेले असतात, आणि अशा ५ टक्के जरी दिसल्या तरी आमचे कान टवकारतात. त्याहून पक्का पुरावा आरबीसी कास्ट. नळीत युरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन गोठतं, त्यात लाल पेशी अडकतात आणि साच्यातून कुल्फी निघावी तसा लांबट तुकडा लघवीत येतो, हा सापडला की किडनीच्या गाळणीला सूज आहे असं धरून लगेच नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर, गाठायचा. पेशी सगळ्या गोल निघाल्या आणि वय चाळिशीपुढे असेल, त्यात सिगरेट असेल, तर मात्र युरॉलॉजिस्टकडून दुर्बिणीने मूत्राशय बघून घ्याच, दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न: १२ वर्षं शुगर आहे. लघवीत पेशी नाहीत, क्रिएटिनिन १.०. मग किडनी ठीक ना?

असं म्हणता येत नाही हो. शुगरमध्ये आधी पेशी नाही, अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन गळतं, आणि क्रिएटिनिन तर फार उशिरा वाढतं. वर्षातून एकदा लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करा. ३० च्या वर आलं तर तीन महिन्यांत परत करून खात्री करा, एका रिपोर्टवर रडू नका.

प्रश्न: सकाळी ६ ला बाटली भरली, लॅबमध्ये ११ ला दिली. चालेल का?

नाही. दोन तासांच्या आत तपासायला हवी, नाहीतर पेशी फुटतात, कास्ट विरघळतात आणि रिपोर्ट येतो छान नॉर्मल! लॅबमध्येच जाऊन सॅम्पल द्या, आणि मशीनवर काढणार असतील तर मायक्रोस्कोपखाली पण बघा म्हणून सांगा, मशीनकडून कास्ट सुटतात.