सराव कमी केला तर कमावलेलं जाईल का?

गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 या तिहेरी शर्यतीला सतरा दिवस उरले होते, तेव्हा कोल्हापूरचे एक बँक अधिकारी माझ्याकडे आले. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 43. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, मग 90 किलोमीटर सायकल आणि वर 21.1 किलोमीटर धावणं. त्यासाठी सात महिने पहाटे चारला उठत होते. कोचनं सराव निम्म्यावर आणायला सांगितला आणि यांची झोप उडाली. "मॅडम, आत्ता ढिलाई केली तर सगळं गेलं!" कोचला न सांगता कागलच्या रस्त्यावर सायकल मारणं चालूच होतं.

मी त्यांची वही मागितली. उठल्याउठल्या मोजलेली नाडी एरवी 52, गेला आठवडाभर 59, 60, 61; थकवा उतरत नसल्याची खूण. शेजारी त्यांच्याच अक्षरात 'पाय जड'. ते मी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. तिसऱ्या 'पाय जड'ला ते थांबले.

भारी सराव अंगी लागायला दहा-बारा दिवस तरी जातात. आता मारलेला लांबचा पल्ला स्पर्धेत फारसा कामी येत नाही, थकवा तेवढा सोबत नेतो. हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. पण रिकामी पहाट खायला उठत होती. म्हणून कोचशी बोलून सरावाचे दिवस तेवढेच ठेवले, तास कापले: आठवड्याचे बारा होते, ते सात, शेवटी चार. वेगाला हात लावला नाही. तासाभराच्या सायकलिंगमध्ये स्पर्धेच्या वेगानं पाच-पाच मिनिटं तीनदा, धावताना एकेक मिनिट जोरात सहा वेळा, पोहताना वेगानं 50 मीटर आठ वेळा, मध्ये भरपूर दम खाऊन. जड स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) दहा दिवस आधी बंद, पुढे हलकं वजन आणि मोजक्याच बैठका.

उठता उठता ते म्हणाले, "आमचे वडील तालमीतले. मैदान जवळ आलं की वस्ताद जोर कमी करायला लावायचे." हे त्यांचं त्यांना आठवलं, याचा मला फार आनंद झाला.

पाचव्या दिवशी फोन. वजन किलोभर वाढलंय, गुडघाही दुखतोय. वजनाचं सोपं होतं: सराव कमी झाला की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठतं आणि ते पाणी धरून ठेवतं. गुडघा मात्र फिजिओला दाखवायला सांगितलं. अशी भीती नुसत्या धीरानं जात नाही. सूज नव्हती, काही निघालं नाही. या दिवसांत सगळं ध्यान अंगाकडे लागलेलं असतं, बारीक कळही मोठी वाटते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिरामारहून मेसेज आला: "वीस मिनिटं पोहून आलो. सकाळची नाडी 52. पाय कसे, ते लिहायचंच राहिलं."