सासूबाईंनी आयसीयूत बाप्तिस्मा दिला, मला न विचारता

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, हिंदू घरातली, नवरा वसईचा कॅथलिक. २०२१ ला रजिस्टर लग्न केलं, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. तेव्हाच दोघांनी ठरवलेलं की मूल झालं तर त्याला दोन्हीकडचं सगळं दाखवायचं, पण बाप्तिस्मा वगैरे काही करायचं नाही, मोठं झालं की ते ठरवेल. मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. चार महिन्यांची असताना न्यूमोनियाने आयसीयूत होती, डॉक्टरही काही नीट बोलत नव्हते. मी खाली औषधं आणायला गेले होते तेवढ्यात सासूबाईंनी तिच्या कपाळावर पाणी ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, तेही शेजारणीने विचारलं म्हणून, की चर्चमधला राहिलेला विधी कधी करताय. नवऱ्याला माहीत होतं म्हणे. ताई मला झोप लागत नाही. माझी मुलगी मला न विचारता ख्रिस्ती झाली का? हे रद्द होतं का? आणि मी रागावतेय ते चूक आहे का, कारण त्या दिवसांत सासूबाईंनी जेवढं केलं तेवढं माझ्या माहेरच्यांनीही केलं नाही.
– एक आई, नालासोपारा

उत्तर : राग येणं चूक नाही हे आधी सांगते. तुमच्या लेकीच्या बाबतीत एक मोठी गोष्ट झाली आणि ती सात महिने तुमच्यापासून लपवली, कोणालाही लागेल ते. सासूबाईंचं प्रेम खरं आहे आणि तुमचं दुखणंही खरं आहे, एकासाठी दुसरं खोटं ठरवायची गरज नाही.

आता चर्चच्या बाजूने बघू. कॅथलिक चर्चचा १९८३ चा जो कायदा आहे, ज्याला कॅनन लॉ म्हणतात, त्यात दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात : बाप्तिस्मा झाला का ही एक, आणि तो नियमाला धरून झाला का ही दुसरी. गरजेच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, फादरच हवेत असं नाही, आजी देऊ शकते, नर्स देऊ शकते. पाणी हवं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने हे शब्द हवेत आणि चर्चला जे करायचं असतं तेच करायचा हेतू हवा. एवढं असलं की चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा झाला, आणि एकदा झाला की तो पुसता येत नाही, परत करताही येत नाही. त्यामुळे सासूबाईंनी पाणी आणि शब्द नीट वापरले असतील तर फादरांकडून तुम्हाला रद्द असं उत्तर मिळणार नाही, उगाच आशा लावत नाही.

नियमाचं कलम आहे ८६८. त्यात म्हटलंय की लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा तर आईवडिलांची, निदान दोघांपैकी एकाची, संमती पाहिजे, आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा पाहिजे. आजीची संमती यात कुठेच नाही, आईबाप असताना तर नाहीच. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की बाळ मरणाच्या दारात असेल तर आईबापांच्या इच्छेविरुद्धही दिलेला बाप्तिस्मा नियमात बसतो. सासूबाई याच्यावरच बोट ठेवतील. मला हा भाग पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरात झालं अगदी तसंच एकदा झालं होतं आणि त्याने एक अख्खं घर मोडलं.

इटलीतलं बोलोन्या शहर, तेव्हा तिथे पोपचं राज्य होतं. मोर्तारा नावाचं ज्यू कुटुंब, आठ मुलं. त्यातला एडगार्डो १८५१ चा. तो तान्हा असताना आजारी पडला तेव्हा घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने, ॲना मोरिसीने, हा मरतोय असं वाटून गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडलं. ती स्वतः तेव्हा पोरगीच होती. मुलगा बरा झाला, ती गप्प राहिली, वर्षं गेली. मग ही गोष्ट कशीतरी धर्मन्यायालयाच्या कानावर गेली आणि जून १८५८ मध्ये रात्री पोलीस दारात. बाप्तिस्मा झालेलं मूल ज्यू आईबापांकडे वाढू शकत नाही असा तिथला कायदा, म्हणून सात वर्षंही पुरी न झालेल्या पोराला आईपासून तोडून रोमला नेलं. युरोप अमेरिकेत केवढा गदारोळ झाला, फ्रान्सच्या सम्राटानेही दबाव आणला, पण पोप नववा पायस बधला नाही. १८७० मध्ये रोम पोपच्या हातातून गेलं तेव्हा एडगार्डो एकोणीस वर्षांचा होता, घरी परत जायची वाट मोकळी होती, पण तो गेला नाही. तो फादर झाला आणि १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला.

त्या मोलकरणीच्या मनात पाप नव्हतं. तुमच्या सासूबाईंच्याही नाही. पण आईबापांना न विचारता दुसऱ्याच्या मुलावर कोणी असा हक्क सांगितला आणि त्याच्या मागे सरकार उभं राहिलं की काय होतं ते या गोष्टीत दिसतं. आपल्या गोव्यातही १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाचा हुकूम निघालेला की आईबाप, आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची आणि त्यांना बाप्तिस्मा द्यायचा.

आज सुदैवाने तुमच्या दारात पोलीस येणार नाहीत. भारतात पाणी घातलं म्हणून मुलीचा ताबा, वारसा, पालकत्व यातलं काही आपोआप बदलत नाही. तुम्ही आणि नवरा जिवंत आहात तोवर तिचे पालक तुम्ही दोघं, आजी नाही. ताब्याचा वाद कधी कोर्टात गेलाच (जाऊ नये) तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टप्रमाणे कोर्ट मुलीचं भलं कशात आहे ते बघतं, धर्म हा त्यात विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं याचीही चिंता असेल तर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की मी कुठल्याच धर्माचा नाही असं म्हणायचा माणसाला हक्क आहे आणि सरकार त्याला धर्म लिहायला भाग पाडू शकत नाही. धर्मांतराचे कायदे मात्र राज्याराज्यात वेगळे आहेत, त्यामुळे पोलीस तक्रार वगैरेचा विचार मनात असेल तर आधी वकिलाला विचारा, आणि माझं ऐकाल तर तो विचार सोडा. आजीला पोलीस स्टेशनची पायरी चढायला लावून तुम्हाला काय मिळणार?

खरं बोलायचंय ते नवऱ्याशी. चर्चला एकाची संमती पुरते आणि इथेच सगळी गोम आहे, कारण ते एक म्हणजे तो. त्याने आधी हो म्हटलं होतं का नंतर कळून गप्प बसला, हे शांतपणे विचारा. आणखी एक विचारा, आणि हे फार बायकांना माहीतच नसतं : कॅथलिक माणसाला बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी लग्न चर्चच्या परवानगीने करायचं असेल तर त्याला वचन द्यावं लागतं की सगळी मुलं कॅथलिक म्हणून वाढवायला मी जमेल ते करीन. १९७० च्या आधी हे वचन दोघांकडून घेत, आता फक्त कॅथलिक जोडीदाराकडून, पण कलम ११२५ प्रमाणे दुसऱ्याला हे वचन वेळेवर सांगितलंच पाहिजे. तुमचं रजिस्टर लग्न आहे, तरी त्याने पुढेमागे चर्चमध्ये असं काही सही केलंय का? केलं असेल तर तो तुमच्याशी एक बोलला आणि तिकडे दुसरं, आणि मग तुमचं भांडण बाप्तिस्म्याचं राहत नाही, दिलेल्या शब्दाचं होतं.

एकाची संमती की दोघांची, यावर मलेशियात एका आईने नऊ वर्षं कोर्ट लढवलं. इंदिरा गांधी नावाची बालवाडीची शिक्षिका (हो, नाव तेच), नवऱ्याने २००९ मध्ये तिला न सांगता तिन्ही मुलांना मुसलमान करून घेतलं, धाकटी तर तान्ही होती. तिथल्या घटनेत मुलाचा धर्म पालक ठरवेल असं एकवचनात लिहिलंय, त्यावर नवऱ्याची बाजू उभी होती. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की दोघांची संमती पाहिजे आणि ते धर्मांतर रद्द केलं. मला हे बरोबर वाटतं. मूल दोघांचं असेल तर एकाच्या होकारावर दुसऱ्याचा नकार पुसला जाऊ नये, मग धर्म कुठलाही असो. तुम्ही उद्या गपचूप साताऱ्याला नेऊन बारसं आणि होम केलात तरी मी हेच म्हणेन.

आता काय करायचं. घरी घाईत दिलेल्या बाप्तिस्म्यानंतर चर्चमध्ये उरलेला विधी करतात आणि नोंदवहीत नाव घालतात, शेजारीण त्याबद्दलच बोलत होती. तो विधी आणि नोंद व्हायच्या आधी नवऱ्याला घेऊन फादरांना भेटा, एकट्या जाऊ नका, आणि सांगा की आईला विचारलेलं नाही, आमचं दोघांचं ठरलेलं वेगळं होतं, आम्ही दोघं मिळून सांगत नाही तोवर पुढचं काही करू नका. दोन ओळी लिहून द्या. मूल या श्रद्धेत वाढेल अशी आशा पाहिजे ही त्यांचीच अट आहे, त्यामुळे समजूतदार फादर हे ऐकून घेतात.

आणि सासूबाईंशी बोला, पण भीतीबद्दल बोला. त्या पिढीला लहानपणापासून शिकवलेलं असतं की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ देवाला दिसत नाही, मधेच कुठेतरी राहतं. चार महिन्यांची नात नळ्यांत बघून त्या बाईच्या मनात काय चाललं असेल. त्यांना सांगा, किंवा फादरांनाच सांगायला सांगा, की २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या समितीने लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांनाही देव जवळ करेल अशी आशा धरायला जागा आहे. पुढचं नातवंड झालं आणि देव न करो आजारी पडलं, तर त्यांना तेव्हा पाण्याची घाई वाटू नये म्हणून हे आत्ताच बोला. मग एवढंच मागा : यापुढे मला विचारल्याशिवाय काही नाही.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या मंडळीत मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्याच्या वयाच्या सगळ्यांनी घेतला, हा नाही म्हणतो. पास्टर म्हणतात आईवडिलांनी जोर लावा. लावावा का?
– एक वडील, अहिल्यानगर

उत्तर : नका लावू. तुमच्या परंपरेचा पायाच हा आहे की माणसाने स्वतः समजून घ्यावा. १५२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला काही लोकांनी मोठेपणी स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी छळ सोसला, त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तर १५२७ मध्ये तिथल्या सरकारने नदीत बुडवून मारलं. ज्या गोष्टीसाठी माणसं मेली ती पोराला ढकलून करायला लावली तर तिच्यात उरलं काय? कॅथलिक लोक बाळांना देतात, पण तेही सात वर्षांपुढच्या मुलाला, समज आलेल्याला, त्याच्या स्वतःच्या इच्छेशिवाय देत नाहीत.

आपल्याकडचीच एक गोष्ट सांगते. १८४३ ला मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहत होता, साधारण तुमच्या मुलाहून थोडा लहान. वडील कोर्टात गेले, कोर्टाने वयाने लहान म्हणून त्याला वडिलांकडे दिलं. मग जातीवाले म्हणाले हा बाटला, परत घेणार नाही. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या प्रायश्चित्तासाठी उभे राहिले तर त्यांनाही बहिष्काराचा त्रास झाला. मिशनरी, वडील, कोर्ट, जात, सगळे त्या पोरावरून भांडले. तुमच्या घरात निदान त्याला विचारलं तरी जातंय, तो नाही म्हणू शकतोय. हे तुमच्या हातून चांगलं झालंय. पास्टरांना सांगा थांबतो म्हणून. मुलाला चर्चला न्या, घरी प्रार्थना करा, त्यात काही जबरदस्ती नाही, ते आईबापांचं कामच आहे. पाण्यात उतरायचं मात्र त्याने ठरवू दे, वीसाव्या वर्षी उतरला तरी चालेल.

प्रश्न : मित्र म्हणतो माझ्या मुलीचा गॉडफादर हो. मी हिंदू. चालतं का?
– पुणे

उत्तर : कॅथलिक चर्चमध्ये नाही. गॉडफादर कॅथलिक, निदान सोळा वर्षांचा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा चर्चचा विधी) झालेला लागतो, कारण मुलीला त्या श्रद्धेत वाढवायला मदत करीन असं तो कबूल करतो आणि ते तुम्ही मनापासून कबूल करू शकणार नाही. मित्राला तसं स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही. त्या दिवशी जा मात्र, बाळाला काहीतरी घेऊन जा.