शेवटचा तास संपल्यावर कुठं जातोस?

फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमचे निकाल लागलेले असतात. "मॅडम, बारावीला पंच्याऐंशी टक्के होते, सीईटीलाही बरे पडले होते. आणि आता एकदम तीन विषय राहिलेत. पोराची कुवतच नाही का? काढून बीएस्सीला घालू का?" शब्द थोडे इकडेतिकडे, पण प्रश्न तोच. सांगलीत विश्रामबागेत समुपदेशक म्हणून बसून चौदा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. फोनवर त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एका मुलाची हकीकत सांगते. त्याची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, नावही देत नाही.

मुलगा तासगावच्या पलीकडचा. घरची तीन एकर द्राक्षबाग. वडील त्याला घेऊन आले ते ऐन धांदलीत, शेडवर बेदाणा टाकलेला, लक्ष सगळं घड्याळाकडे. पोरगं मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला. एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकल, तिन्ही बॅक. "झेपत न्हाई वाटतंय मॅडम त्याला," वडील म्हणाले. "तसं सांगा सरळ. वरीस वाया घालवायचं न्हाई." मुलगा शेजारीच होता, पण त्याच्याबद्दल सगळं 'त्याला, त्याचं' असं चाललेलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधी सांगून टाकते. मी मोबाइल किती वेळ बघतोस ते विचारलं, झोप विचारली आणि एक वेळापत्रक करून दिलं. पहाटे पाच ते सात अभ्यास, रात्री दीड तास. समुपदेशकाच्या टेबलावर वेळापत्रक फार पटकन तयार होतं, हा आमच्या धंद्यातला दोषच आहे. त्या पोरानं ते अक्षरशः पाळलं. तीन आठवड्यांनी आला तेव्हा डोळ्यांखाली काळं आलेलं आणि एम-टूच्या युनिट टेस्टला २० पैकी ४. म्हणजे आळशी नव्हता, टाळाटाळ करत नव्हता. पहाटे पाचला उठून दोन-दोन तास बसूनही चारच गुण मिळत असतील तर त्या दोन तासांत नेमकं होतं काय, हे मी आधी विचारायला हवं होतं.

"पुढच्या वेळी मेकॅनिक्सची वही घेऊन ये," म्हटलं.

वही बघण्यासारखी होती. लाल शाईत मथळे, पट्टीनं आखलेल्या आकृत्या, प्रत्येक उत्तराला चौकट. मी मानसशास्त्रवाली, मला मेकॅनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, तरी वही बघून कौतुक वाटलं. म्हटलं, "यातलं पक्कं येणारं एक गणित दाखव." त्यानं शिडीच्या गणितावर बोट ठेवलं. भिंतीला टेकवलेली शिडी, भिंत गुळगुळीत, जमीन खरखरीत, शिडी घसरेल का. "हे चार वेळा केलंय," म्हणाला.

मी वही मिटली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "आता हेच काढ."

त्यानं भिंत काढली, शिडी काढली. शिडीच्या मध्यावर वजनाचा बाण, खाली जाणारा. मग पेन थांबलं. बऱ्याच वेळानं भिंतीपाशी एक बाण आला, तोही वर जाणारा. मग काहीच नाही. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत मी, तो आणि तो कागद. चार मिनिटांनी मी वही उघडून शेजारी ठेवली. वहीत चार बाण होते. जमिनीवरचे दोन त्याच्या कागदावर नव्हतेच, आणि भिंतीचा बाण वहीत आडवा होता. ते बघताच तो म्हणाला, "हां, भिंत गुळगुळीत आहे ना, मग ती आडवीच ढकलणार." आणि पुढचं वाक्य तर मी आजवर शंभर पोरांच्या तोंडून ऐकलंय. "मॅडम, बघितलं की येतं."

सगळी गोम या तीन शब्दांत आहे. चार वेळा 'केलं' म्हणजे चार वेळा वही बघत उतरवलं होतं. ओळखीचं वाटणं आणि स्वतःला काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याला विचारलं, आयर्विन पूल किती वेळा बघितलास? पुराच्या दिवसांत तर अख्खी सांगली त्या पुलाकडेच डोळे लावून असते. आता न बघता सांग, कमानी किती? तो हसला. सांगता मलाही आलं नसतं.

यावर एक प्रयोग आहे, तो मी पालकांना हमखास सांगते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. प्रयोग उताऱ्यावरचा आहे, शिडीच्या गणितावरचा नाही, हे खरं. पण पहाटे वाचून उठल्यावर 'आलं' असं का वाटतं आणि पेपरात ते कुठं जातं, याचा उलगडा त्यातून होतो.

हे मी सांगत होते तेव्हा वडील घ्यायला आले होते आणि दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे हे आमच्या खरड छाटणीगत झालं की. एप्रिलात छाटतो तवा घड दिसत न्हाई कुठं. पण काडीत धरायचा तो तवाच धरतो. ऑक्टोबरला नुसता बाहेर येतोय." मग पोराकडे वळून म्हणाले, "तू एप्रिल सोडून नुसती ऑक्टोबरचीच छाटणी करालायस." त्या दिवशी पहिल्यांदा ते त्याच्याबद्दल न बोलता त्याच्याशी बोलले.

एवढ्यावर काम झालं असतं तर बरं होतं. कोरा कागद घेऊन तो घरी बसायला लागला, पण अडला की अडलेलाच राहायचा. शेजारी विचारायला कुणी नाही. वर्गात विचारावं तर तास इंग्रजीत. शाळा सेमी-इंग्रजीची, त्यामुळे शब्द त्याला कळायचे, पण साठ पोरांपुढे उभं राहून इंग्रजी वाक्य जुळवायची धास्ती होती. मी म्हटलं मराठीत विचार. तो म्हणाला, "सर रागवणार नाहीत, पण पोरं हसतील." खोटं नव्हतं ते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो आता मी प्रत्येक इंजिनिअरिंगवाल्याला पहिल्याच भेटीत विचारते. शेवटचा तास संपल्यावर कुठं जातोस?

"स्टॉपवर. सव्वापाचची एसटी असते."

"रोज?"

"रोज. पास आहे ना."

वर्गातल्या किती जणांचे नंबर आहेत, विचारलं. दोघांचे निघाले. एक सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी, दुसरा प्रॅक्टिकलच्या बॅचमधला. सहा महिने कॉलेज करून दोन नंबर. घरापासून दीड तास येणं, दीड तास जाणं, मधे बाकावर बसणं. ज्या वेळात बाकीची पोरं मेसच्या टेबलावर 'अरे तो तिसरा प्रश्न तू कसा केलास' म्हणत असायची, त्या वेळी हा खिडकीला डोकं टेकून झोपलेला असायचा. आपली चूक दुसऱ्याच्या वहीशी ताडून बघायची सोयच नव्हती. त्याचं उत्तर चूक निघायचं ते थेट पेपरातच.

इथं मला नेहमी युरी ट्रीझमन आठवतात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला ते कॅल्क्युलस शिकवत. कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या विषयात मोठ्या प्रमाणावर गळत होते. सहकाऱ्यांना कारणं विचारली तर ठरावीक उत्तरं आली: घरचं वातावरण, पाया कच्चा, जिद्द कमी. ट्रीझमन विद्यार्थ्यांच्या मागे राहून ते अभ्यास कसा करतात ते बघू लागले. जिद्द भरपूर होती, घरच्यांचा पाठिंबाही होता. पण ही मुलं खोलीत एकटी अभ्यास करत. त्याच वर्गातले चिनी वंशाचे विद्यार्थी आपापला अभ्यास झाला की एकत्र बसून उत्तरं ताडून बघत, एकमेकांना प्रश्न घालत. ट्रीझमननी मग कार्यशाळा सुरू केल्या, त्यात मुलांनी गटानं बसून गणितं सोडवायची. गणितं सोपी नव्हती, उलट अवघड दिली होती. गळती बरीच कमी झाली आणि पुढे तो नमुना इतर विद्यापीठांनीही उचलला.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट होतं. नापास झालेल्यांना बाजूला काढून 'रेमेडियल'ला बसवतात आणि तेच लेक्चर पुन्हा, जरा हळू, ऐकवतात. त्या वर्गाला जाणं म्हणजे कपाळावर शिक्का. या मुलाच्या कॉलेजातही ते होतं आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिथं कुणी फिरकत नव्हतं. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्यामागे फाइलींचा डोंगर असतो. पण २०१४ साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत शंभरातले सुमारे ३४ नापास होत होते आणि मुलांना वर्गातच सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. बोलायला लावायला स्मार्ट बोर्ड लागत नाही.

आता प्रश्न एसटीचा. मी वडिलांना म्हटलं, मंगळवार आणि गुरुवार हा पोरांबरोबर अभ्यासाला सांगलीतच राहू दे. ते एकदम ताठ झाले. "रूम न्हाई परवडणार. आणि रातीचं बाहेर राहून बिघडला म्हंजे?" यात त्यांची चूक काय? मी रूम घ्या म्हणत नव्हते. बॅचमधल्या त्या दुसऱ्या नंबरवाल्या मुलाची रूम विश्रामबागेतच होती. वडील स्वतः जाऊन रूम बघून आले, त्या मुलाच्या घरच्यांशी फोनवर बोलले, आणि परत येऊन म्हणाले, "चालंल. पण डबा घरचा न्यायचा." तर मंगळवारी आणि गुरुवारी तीन माणसांना पुरेल एवढ्या भाकऱ्या यायला लागल्या, हंगामात वर द्राक्षाची पेटी. ओळखी व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

ज्या मेसच्या टेबलावर ही पोरं अभ्यासाला बसत तिथंच डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला एक मुलगा जेवायला असायचा. डिप्लोमावाल्यांना एम-थ्री घाम फोडतं, पण मेकॅनिक्स त्यांचं पक्कं असतं. तो आपणहून ओढला गेला. माझ्या अटी साध्या होत्या: वह्या पिशवीत. प्रत्येकानं आधी दहा मिनिटं एकट्यानं झगडायचं, मग ज्याचं अडलंय त्यानं कुठं अडलं ते मोठ्यानं सांगायचं. ज्याचं आलंय त्यानं आधी तोंड उघडायचं नाही. ही शेवटची अट पोरांना फार जड गेली म्हणे.

एप्रिलमध्ये तो वैतागून आला. "मॅडम, पहिल्यापेक्षा कमी येतंय असं वाटतंय. पहाटे वाचायचो तेव्हा दहा गणितं व्हायची, आता दोन होतात." अशा तक्रारीला मी आता घाबरत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. स्वतः झगडत शिकलेल्या मुलांना चाचणीत गुण जास्त पडले, पण 'किती शिकलात' विचारल्यावर त्यांनीच कमी सांगितलं. छान लेक्चर ऐकलेल्यांना वाटलं आपण खूप शिकलो. मी त्याला पुन्हा कोरा कागद दिला. शिडी. चार बाण आले, जागच्या जागी. मग पेन न टेकवता तो म्हणाला, "भिंतपण खरखरीत असती तर इथं पाचवा आला असता, वर जाणारा. मी त्या दिवशी भिंतीला वरचा बाण काढला होता ना, तो तेव्हाचा असता." मला कळलं नाही, पण तो ते मला समजावून सांगत होता.

उन्हाळी परीक्षेत मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकल सुटले, दुसऱ्या सेमचा एक विषय राहिला. एम-वन राहिलाच, तो तिसऱ्या प्रयत्नात निघाला. डिस्टिंक्शन वगैरे काही नाही.

सगळ्यांना हाच उपाय लागू पडतो असं नाही. एका मुलीचं मन मुळात शाखेतच नव्हतं, तिनं वर्षाअखेरीला सोडलं आणि ते योग्यच झालं. आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर येत नसेल, 'मी नसलो तरी चालेल' असं काही बोललं असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ, एम-वन नंतर. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तिथं मराठीतही बोलता येतं.

मंगळवार-गुरुवारचं बसणं अजून चालू आहे. आता त्यात पहिल्या वर्षाची दोन पोरं आलीत, त्यातला एक जतकडचा, एसटीनंच येणारा. मेसच्या मावशी साडेनऊला दिवे मालवतात म्हणून मंडळी नंतर बाहेरच्या कट्ट्यावर, स्ट्रीटलाइटखाली बसतात. परवा वडिलांचा फोन होता. भाकरी आता पाच जणांची करावी लागते, त्याची तक्रार करत होते.