काटा नाचतो, मासळी तेवढीच

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. तिच्या पुस्तकात वस्तुमान किलोत आणि वजन न्यूटनमध्ये दिलंय. आम्ही तर जन्मभर वजन किलोतच सांगत आलो. शिवाय बोटीवर ताणकाट्याला टोपली लावली की काटा लाटेसरशी वरखाली पळतो, मग खरं वजन कुठलं धरायचं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : भाऊ, पुस्तक बरोबर आहे, आणि लिलावात तुम्ही किलोत बोलता त्यानेही कोणाचं काही अडत नाही. घोळ होतो तो बोटीवर चढल्यावर.

टोपलीत १० किलो सुरमई आहे, म्हणजे माल तेवढा आहे, हे झालं वस्तुमान. ती बंदरात ठेवा नाहीतर चंद्रावर न्या, १० किलोच. पृथ्वी तिला खाली ओढते ते वजन, आणि ओढणं-ढकलणं सगळं बलातच येतं आणि बल न्यूटनमध्ये मोजतात, म्हणून वजनाचं माप पण न्यूटन. पृथ्वी दर किलोला साधारण ९.८ न्यूटनने ओढते, म्हणून किलोला ९.८ ने गुणायचं, इथे ९८ न्यूटन झाले, चंद्राची ओढ कमी म्हणून तिथे जेमतेम १६.

आता ताणकाटा. त्याला किलो वगैरे कळत नाही, स्प्रिंग किती ताणली एवढंच कळतं, किलोचे आकडे त्यावर ९.८ चा हिशोब धरून छापलेले असतात. बोट लाटेच्या तळाला जाऊन वर उचलली जाते ना, तेव्हा स्प्रिंगला टोपली नुसती धरून ठेवायची नसते, तिला वरच्या दिशेने वेग पण द्यायचा असतो, म्हणून ती जास्त ताणते. हा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने वाढत असेल तर काटा ११ किलोच्या आसपास दाखवणार, लाटेच्या माथ्यावर उलट, ९ च्या जवळ. बोट वर चढतेय म्हणून वजन वाढतं असं बरेच जण सांगतात, तसं नाही हां, एकसारख्या वेगाने चढली तर काटा १० वरच राहील, वेग बदलला की मगच हलतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पण तेच. जुनी दोन पारड्यांची तागडी मात्र इथे भारी, कारण मासळी जड भासली तर समोरचं माप पण तेवढंच जड भासतं. ती नसेल तर सरळ जेटीवर येऊन मोजा.

मुलीला फरक दाखवायचाय? जेटीला लागलेली बोट हाताने ढकलायला लावा. बोटीचं सगळं वजन पाण्याने तोललेलं, उचलायचं काहीच नाही, तरी आधी हलता हलत नाही आणि एकदा सरकली की थांबवता थांबत नाही. हा हट्टीपणा वस्तुमानाचा. बोट जेटीला लागताना मध्ये हात-पाय घालायचा नाही तो याचसाठी, वजन पाण्यावर असलं तरी चेंगरायला वस्तुमान पुरतं. जेटीला जुने टायर लटकवलेले असतात ते दबतात, बोटीला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि तेवढं बल कमी बसतं.